रंगाच्या थराखालचा व्यवहार

दिवाळीपूर्वीची साफसफाई निघाली, की अनेक व्यापारी घराण्यांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. नाशिक रोड स्टेशनच्या आसपास, बिटको चौकापासून देवळाली गावाकडे आणि जेल रोडकडे पसरलेल्या वस्तीत जुन्या पेढ्यांची गोदामे आहेत. अशा एखाद्या गोदामाच्या कोपऱ्यात, रिकाम्या बारदानांच्या आड, ताडपत्री पांघरून आजोबांची फियाट उभी असते. चाकांतील हवा केव्हाच गेलेली, काचांवर धुळीचा थर. एक भाऊ म्हणतो, भंगारात द्यावी. दुसरा म्हणतो, पुण्या-मुंबईचे हौशी लोक चांगली किंमत देतात. तिसऱ्याला ती दुरुस्त करून, रंगवून, मुलीच्या लग्नात दारासमोर उभी करायची असते. कोणाचेच कोणी ऐकत नाही आणि ताडपत्री पुन्हा एका वर्षासाठी ओढली जाते. दरम्यान गंज आपले काम थांबवीत नाही.

या गाडीचे कुळ मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ‘जुनी इटालियन स्पोर्ट्स कार’ म्हटले की डोळ्यांसमोर लाल फेरारी येते. एन्झो फेरारी यांनी अल्फा रोमिओ सोडल्यानंतर स्वतःच्या कारखान्यात पहिली गाडी बांधली ती १९४० साली. करारामुळे त्यांना तिच्यावर स्वतःचे नावही घालता आले नव्हते. ‘८१५’ एवढाच तिचा उल्लेख. तिचे पुष्कळसे सुटे भाग फियाट ११०० या साध्या कौटुंबिक गाडीचे होते. युद्धानंतर आलेल्या चिसितालिया २०२ या स्पोर्ट्स कारचीही तीच कथा. तिच्या बांध्याला शिल्पाचा मान मिळाला आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात ठेवली. पण बॉनेटखाली १०८९ घनसेंटीमीटरचे इंजिन होते ते फियाट ११००चेच. इटालियन लोक या गाडीला ‘मिल्लेचेंतो’, म्हणजे ‘अकराशे’ म्हणत. १९५३ साली तिचा नवा अवतार आला आणि पुढच्याच वर्षापासून तो मुंबईत कुर्ल्याला तयार होऊ लागला. गोदामातील ताडपत्रीखाली असते ती हीच अकराशे, किंवा तिची धाकटी बहीण.

कुर्ल्याचा तो कारखाना एका जैन कुटुंबाचा होता. सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे मासिक काढले, आणि त्यांचे चिरंजीव वालचंद यांनी रेल्वेच्या कंत्राटांपासून जहाजांपर्यंत हात घातला. वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. नाशिक जिल्ह्याशीही त्यांचे नाते जुने आहे: मालेगाव तालुक्यातील रावळगावचा साखर कारखाना त्यांनी १९३३ मध्ये उभा केला, आणि रावळगावची गोळी जिल्ह्यातील दोन पिढ्यांनी तोंडात घोळवली. वालचंदांचे निधन एप्रिल १९५३ मध्ये झाले. ज्या गाडीमुळे प्रीमियरचे नाव घरोघरी गेले, ती कुर्ल्यातून बाहेर पडताना त्यांनी पाहिली नाही. बाकदार नाकामुळे लोकांनी त्या पहिल्या गाडीला ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. तिचे पुढचे दरवाजे आजच्या गाड्यांच्या उलट दिशेने उघडत. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. १९७४ पासून तिच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर जणू मृत्युलेख लिहिले. ज्या घरांत त्या नावाची गाडी अद्याप उभी आहे, त्यांना त्याच सुमारास आपल्या गोदामाची आठवण झाली.

आणि मग धावपळ सुरू होते ती रंगाची. आधी रंगारी गाठला जातो. ‘डेंटिंग-पेंटिंग’चा भाव ठरतो, आठ-पंधरा दिवसांत गाडी आरशासारखी चमकू लागते. दोन पावसाळ्यांनंतर दारांच्या खालच्या कडांना फोड येतात आणि फोडांखालून तपकिरी पाणी झिरपू लागते. असे का होते, हे व्यापाऱ्याला लवकर समजावे, कारण मालावर वरचा थर चांगला लावून आतला निकृष्ट माल खपवण्याची रीत बाजारात नवी नाही. गाडीच्या बाबतीत त्या वरच्या थराला ‘लांबी’ म्हणतात. पत्रा सडला, त्याला भोक पडले, की चांगला कारागीर सडका भाग कापून नवा पत्रा जोडतो. घाईतला कारागीर भोकात जाळी किंवा कागद कोंबतो, वर लांबी थापतो, घासून गुळगुळीत करतो आणि रंग मारतो. डोळ्याला फरक कळत नाही. साधे लोहचुंबक मात्र फसत नाही: पातळ फडक्यात गुंडाळून ते पत्र्यावरून फिरवावे, जेथे ते निसटते, तेथे लांबीचा जाड थर आहे असे समजावे.

ही गोष्ट केवळ टिकाऊपणाची नाही. फियाट ११००ला बैलगाडीसारखी वेगळी साटी नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. तळ सडला म्हणजे गाडीचा कणा सडला. त्यावर लांबी लावून तिच्यात लेकी-सुनांना बसवणे हा उघड धोका आहे. आणि अशी गाडी ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ म्हणून विकली, तर त्याला आपल्या परंपरेत नेमके नाव आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला शेवटचा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे चांगल्या मालाच्या नावाखाली त्याच्यासारखा दिसणारा हलका माल देणे. धान्यातले खडे आणि तुपातली भेसळ यांच्यासाठी ही शिकवण असल्याचे व्याख्यानांतून ऐकलेले असते. लांबीखालचा गंज तिच्याच रांगेत बसतो.

म्हणून ज्या घराला ही गाडी खरोखर उभी करायची आहे, त्याने रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. आरंभ कागदांपासून असतो. गाडी अजूनही दिवंगत आजोबांच्या नावावर असते, हा नेहमीचा अनुभव. वारसाने नावबदलासाठी फॉर्म ३१ भरायचा असतो, त्यासाठी मालकाच्या मृत्यूपासून तीन महिन्यांची मुदत असते, आणि येथे तर तीस-तीस वर्षे लोटलेली असतात. उशीर झाला तरी काम होते, पण सर्व वारसांच्या संमतीचे कागद लागतात. हे आधीच उरकावे. चार लाख रुपये खर्चून गाडी चमकल्यावर दुसऱ्या शहरातल्या चुलतभावाला तिच्यावरचा आपला हक्क आठवला, तर गाडीपेक्षा मोठी गोष्ट मोडते.

कायद्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले खासगी वाहन त्यांत येते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पद्मिनीच्या आरंभीच्या गाड्यांनी आता ही पन्नाशी ओलांडली आहे. मात्र अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वा इंधन यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज पेढीवर जाण्यासाठी नव्हे. ज्यांना ती नित्य वापरायची आहे त्यांनी साधी नोंदणीच नूतनीकरण करून चालू ठेवावी, हे बरे. पण कोणत्याही वाटेने जा, मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवणे, छत कापून गाडी उघडी करणे, मागे पंख लावणे, असल्या सूचना गॅरेजमध्ये उत्साहाने होतात, त्या नम्रपणे नाकाराव्यात. स्पोर्ट्स कारशी तिचे नाते आहे हे खरे. म्हणून तिला वेशांतर करायला लावण्याचे कारण नाही.

कागद मार्गी लागले, की चातुर्मास हा गाडी उघडण्याचा उत्तम काळ. ऐकायला हे विचित्र वाटेल, कारण दमट हवेत पत्रा उघडा ठेवणे घातक असते. येथे काम पत्र्याचे नाही. आसने, आतली अस्तरे, दिवे, रबरी पट्ट्या, क्रोमच्या कडा उतरवण्याचे आणि नोंदीचे आहे. प्रथम दिवसाच्या उजेडात गाडीत कोण राहते ते पाहावे. आसनाखाली उंदराचे घर, डॅशबोर्डमागे गांधीलमाशीचे पोळे, बूटमध्ये पाल हे नेहमीचे भाडेकरू असतात. दारे चार दिवस उघडी ठेवून त्यांना जायला वाट द्यावी आणि मगच हात घालावा. जयणेचा हा पहिला धडा गॅरेजवाल्याला वेळ दवडणे वाटेल, वाटू द्यावे. मग प्रत्येक सुटा भाग, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि सगळ्याची खतावणी एका वहीत. या कामात व्यापारी घराने कोणत्याही मेकॅनिकला मागे टाकावे. जुन्या गाड्यांचे अर्धे संकल्प पैशांअभावी नव्हे, तर हरवलेल्या सुट्या भागांमुळे अडतात.

भाग मिळतात कोठे? कारखाना ज्या कुर्ल्यात होता, त्याच कुर्ल्याच्या भंगारबाजारात आज त्या गाडीचे अवयव विकले जातात, हा काळाचा खेळ आहे. तेथे जाताना अचौर्याचा आणखी एक अतिचार सोबत न्यावा: चोरीचा माल घेणे. जो विकणारा पावती देत नाही, दार कोणत्या गाडीचे होते ते सांगत नाही आणि निम्मा भाव लावतो, त्याच्याकडील दार स्वस्त नसते. पुष्कळ पद्मिनी टॅक्सी रीतसर मोडीत निघाल्या. त्यांचे भाग पावतीनिशी मिळू शकतात. थोडे थांबावे लागते, इतकेच.

पत्र्याचे काम कार्तिकी पौर्णिमेनंतर काढावे. चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि नाशिकची हवा कोरडी होते. मुहूर्त शोधायला दुसरीकडे जाण्याची गरज नाही. जुना रंग उतरवताना यंत्राने वाळूचा जोरदार मारा करू देऊ नये. बॉनेट आणि छताचे पातळ पत्रे त्याने तापतात आणि लहरी येतात, त्या पुन्हा कधीच पूर्ण बसत नाहीत. हाताने, पाण्याच्या कागदाने घासावे. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते, त्यामुळे कोरडी धूळ उडवणे मुलाबाळांच्या घरात अक्षम्य आहे. आणि घासलेले पाणी गटारात न सोडता टबात साठवून गाळ वेगळा करावा. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा हात द्यावा. रात्रभर उघडा राहिलेला पत्रा सकाळी केशरी झालेला दिसतो.

घासतानाच मूळ रंगाचा शोध लागतो. बूटच्या आत, दाराच्या अस्तरामागे, रबरी पट्टीखाली कारखान्यातला रंग बहुधा शाबूत असतो. एखाद्या आडजागी कागदाने हळूहळू वर्तुळ घासत गेले, तर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे सगळे रंग एकामागून एक दिसतात: वर लग्नाच्या वेळचा मरून, त्याखाली वडिलांच्या काळातला पांढरा, अगदी तळाशी फिकट निळसर करडा. या क्षणी घरात मतभेद होतात. तरुणांना इटालियन शर्यतीचा लाल हवा असतो. शर्यतींत इटलीच्या गाड्या लाल रंगाच्या असत ही गोष्ट खरी. परंतु कुर्ल्याहून निघालेली कौटुंबिक फियाट काही शर्यतीला गेली नव्हती. शिवाय गाडीचा रंग आरसी पुस्तकात नोंदलेला असतो. तो बदलला तर नोंदही बदलून घ्यावी लागते. तळातला निळसर करडा कितीही सौम्य वाटला, तरी तोच लावावा. रंगाच्या दुकानात तो नमुना दाखवून जुळवून मिळतो. धातूची चमक असलेला आधुनिक रंग तर या बांध्यावर परक्याचा अंगरखा घातल्यासारखा दिसतो.

प्रायमरवर लांबीचा हात येतोच. कुशल कारागीरही तो देतो, पण कागदाच्या जाडीने, भोक बुजवण्यासाठी नव्हे. मग सरफेसर. त्यावर काळ्या रंगाची अगदी विरळ फुंकर मारतात आणि लाकडी ठोकळ्यावर पाण्याचा कागद गुंडाळून घासतात. उंचवट्यावरचा काळा निघून जातो, खळग्यातला राहतो. म्हणजे पत्राच आपले दोष दाखवतो. हे तीन-तीन वेळा करावे लागते. दुकानाच्या गल्ल्यावरून उठून मालकाने निदान एकदा हा ठोकळा स्वतः हातात घ्यावा. मजुरीच्या बिलाबद्दलची तक्रार तेवढ्याने पुष्कळ कमी होते.

फवाऱ्याचा दिवस निवडताना सकाळची थंडी जाऊ द्यावी आणि सूर्यास्तापूर्वी हात थांबवावा. नाशिकला पौष-माघात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खालीही उतरतो, तेव्हा रंग नीट धरत नाही. संध्याकाळनंतर दिवा लावला, की त्याच्याकडे झेपावणारे कीटक ओल्या रंगावर बसतात आणि तेथेच चिकटतात. रंगारीही हे टाळतो, कारण प्रत्येक कीटकामागे एक ठिपका घासून पुन्हा भरावा लागतो. रात्रिभोजनत्यागाचे जे कारण घरात लहानपणापासून सांगितले जाते, त्याचा पुरावा गाडीच्या छतावर असा चिकटलेला पाहणे कोणाला आवडणार नाही.

या सर्वांत ज्याचा विसर पडतो तो रंगारी. हल्ली वापरात असलेल्या दोन भागांच्या रंगात हार्डनर मिसळावा लागतो, आणि त्यातील आयसोसायनेट नावाची द्रव्ये फवाऱ्याच्या धुक्याबरोबर श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे; बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. गॅरेजमध्ये मात्र तोंडाला रुमाल बांधलेला वीस वर्षांचा मुलगा बंद खोलीत फवारा मारत असतो आणि गाडीचा मालक बाहेर उभा राहून चमक न्याहाळतो. उंदराला वाट दिली, कीटकांसाठी सूर्यास्त पाळला, आणि या मुलाच्या फुप्फुसांची चौकशीही केली नाही, तर त्या जयणेला काय म्हणावे? दर ठरवतानाच मास्कचा आणि हवा खेळत्या जागेचा खर्च आपण देऊ असे सांगावे. जो गॅरेजवाला याला हसतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये. किंवा जुन्या पद्धतीचा, हार्डनर नसलेला रंग निवडावा. त्याला घासून चमक आणायला मेहनत अधिक पडते आणि वास त्याचाही असतोच, परंतु त्यात ही द्रव्ये नसतात, आणि साठ वर्षांपूर्वीच्या गाडीवर ती किंचित मंद झळाळी अधिक शोभते.

आसनांच्या बाबतीत जैन घराला आणि इतिहासाला एकच उत्तर मान्य आहे. परदेशी हौशी लोक जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये कातडे बसवतात आणि येथले दुकानदारही ‘इटालियन लेदर’चे नमुने पुढे करतात. कुर्ल्याच्या साध्या फियाटला रेक्झिनच शोभते. मूळ शिवणीच्या रेषा मोजून तसेच शिवून घ्यावे. पुसण्यासाठी शामोई म्हणून जे विकतात, ते मेंढी-बकरीचे कातडेच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. धुतलेले मऊ सुती धोतर त्याहून उत्तम काम करते.

खर्चाचा हिशेब घालून पाहिला, तर हा व्यवहार बहुधा तोट्याचा निघतो. साधी पद्मिनी नीट उभी करायला जे लागते, ते तिच्या विक्रीतून क्वचितच परत येते. गुंतवणूक म्हणून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. परिग्रहाचाही प्रश्न आहे. चौदा नियमांत वाहनाची मर्यादा रोज आठवणारी मंडळी घरात असतात, आणि आजीने विचारले की चार गाड्या दारात असताना पाचवी कशाला, तर प्रश्न वाजवी आहे. एखाद्या घराने तो मान्य करून, गाडी जशी आहे तशी, गंजासकट सगळे सांगून, जपणाऱ्या माणसाला द्यावी. तोही सन्मानाचा मार्ग आहे. जिला कोणी हात लावत नाही आणि जिच्यावरचा हक्कही कोणी सोडत नाही, अशी ताडपत्रीखालची गाडी मात्र परिग्रहही आहे आणि नासाडीही.

ज्यांनी ठेवायचे ठरवले, त्यांनी रंग झाल्यावर महिनाभर तिला मेण लावू नये. आतले द्रावण पूर्ण उडून जायला तेवढा अवधी लागतो. वहीत रंगाचे मिश्रण, दुकानाचे नाव, कोठे नवा पत्रा जोडला आणि कोठे जुनाच राहिला, हे तारखेनिशी लिहून ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी. उरलेला पावशेर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, गोदामाच्या थंड कोपऱ्यात, नाव घालून ठेवून द्यावा. नाशिक-पुणे रस्त्यावर पहिला ओरखडा फार दिवस वाट पाहत नाही.